डायनोसॉरवाली राइड

सुट्टीत मुलांना घेऊन ऑरलँडोला निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी परवा विचारलं, "एप्कॉटमधली ती डायनोसॉरवाली राइड अजून आहे का हो? बसायला मस्त होती. एसी पण होता." त्यांनी ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाहिली होती. बंद झाली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, असं सांगितल्यावर ते "अरेरे" म्हणाले आणि बोलणं विमानाच्या तिकिटांकडे वळलं. प्रश्न एवढासाच, पण टोचत राहिला. एप्कॉट ही ऑरलँडोजवळची डिस्नेची एक करमणूक बाग, आणि त्या राइडचं नाव होतं 'युनिव्हर्स ऑफ एनर्जी'. विषय ऊर्जा. पाऊण तासाच्या त्या कार्यक्रमात डायनोसॉर असायचे जेमतेम काही मिनिटं. बाकीचा वेळ कोळसा, तेल, वारा, अणुभट्ट्या. त्यामागे एक्सॉनसारख्या तेल कंपनीचा पैसा होता, छपरावर सौरघट होते, आणि १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईनं हादरलेल्या देशाला शहाणं करण्याचा प्रामाणिक खटाटोपही होता. वीस-पंचवीस वर्षांनी माणसाकडे शिल्लक काय राहिलं, तर लांब मानेचे प्राणी आणि गार हवा. असं का व्हावं, हे कळायचं तर ती राइड सुटी करूनच बघायला हवी.

आत गेल्यावर आधी उभं राहून बघायचा एक पडदा होता. १९८२ च्या मूळ रूपातला हा पडदा ९० फूट रुंद आणि १४ फूट उंच, पण सलग नाही. त्याचे शंभर सुटे तुकडे होते, प्रत्येक साधारण साडेतीन फुटांचा, त्रिकोणी लोलकासारखा, स्वतःभोवती फिरणारा. दोन बाजूंवर चित्र उमटे, तिसरी काळी. सिनेमा चालू असताना हे तुकडे ठरल्या तालात वळत, म्हणून ज्वाळांचं चित्र असेल तर पडदाच लवलवतोय असं वाटे. ही कल्पना एमिल रादोक या चेक कलावंताची. १९६७ च्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ११२ हलणाऱ्या ठोकळ्यांवर स्लाइड्स टाकून विश्वाची उत्पत्ती दाखवणाराही तोच. अशा यंत्राची गोम एकच असते. नव्याण्णव तुकडे बिनचूक फिरले तरी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. शंभरावा अडकला की सगळ्यांचे डोळे तिथेच खिळतात. फिल्म आपल्या वेगानं पुढे जात राहते, ती काही मोटारीसाठी थांबत नाही. त्यामुळे अर्धवट वळलेल्या तुकड्यावर सूर्याचा अर्धा गोळा तसाच लोंबत राहण्याचा धोका कायमचा.

तिथून पुढे गेलं की साधं थिएटर. निदान दिसायला साधं. लांबच लांब बाकं, सहा गटांत मांडलेली, एका गटात ९७ माणसं, म्हणजे सगळी मिळून ५८२. लोक पॉपकॉर्नचे डबे सांभाळत, पिशव्या पायाशी ठेवत, सिनेमाला बसावं तसे बसत. सिनेमा संपे, आणि मग जे होई त्यासाठी तरी ही राइड बांधली हे बरं झालं असं म्हणावंसं वाटतं. अख्खं प्रेक्षागृह हलकेच वळायला लागे. धक्का नाही, कुरकुर नाही. आपण वळतोय की समोरची भिंत सरकतेय हे क्षणभर कळत नसे. मराठी प्रेक्षकाला फिरता रंगमंच नवा नाही, पण तिथे दिवाणखाना जातो आणि कोर्ट येतं, आपण मात्र खुर्चीत जिथल्या तिथे. इथे रंगमंच जागच्या जागी आणि फिरणारे आपण. वळणं थांबलं की समोरचा अडसर वर जाई, पलीकडून दमट हवा आत शिरे, आणि प्रेक्षागृहाचे सहा तुकडे होऊन एकामागून एक अंधारात चालू लागत.

शेजारच्या गटातले शंभरेक लोक बसल्या जागी निघून जाताना दिसत.

या गाड्यांना रूळ नव्हते. जमिनीत एक बारीक तार पुरलेली होती आणि गाडी तिच्या मागानं जाई. अशा यंत्रणेचं तत्त्व सोपं आहे: तारेतून कमी ताकदीचा उलटसुलट प्रवाह सोडायचा, तिच्याभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र गाडीच्या पोटाखालच्या दोन वेटोळ्यांनी हुंगायचं, डावीकडचा संकेत वाढला की गाडी उजवीकडे सरकली आहे असं समजायचं आणि चाक तेवढं डावीकडे वळवायचं. कारखान्यांत माल वाहणाऱ्या विनाचालक ट्रॉल्या १९५० च्या दशकापासून याच पद्धतीनं चालत आल्या आहेत. फरक एवढाच, की ट्रॉलीवर खोकी असतात आणि इथे एका गाडीवर ९७ जिवंत माणसं. त्यातली निम्मी एका बाजूला वाकून डायनोसॉर बघणारी.

गाड्या बॅटरीवर चालत. मग चार्जिंग कधी? तर थिएटरमध्ये गाडी उभी असताना, खालच्या फिरत्या तबकडीतून, वायर न जोडता, चुंबकीय प्रवर्तनानं. आज आपण मोबाइल चकतीवर ठेवून चार्ज करतो तेच तत्त्व, फक्त कितीतरी पट मोठं आणि १९८२ सालचं. या रचनेतली हुशारी कार्यक्रमपत्रिका नीट बघितली की लक्षात येते. आधी सिनेमा, मग डायनोसॉर, मग दुसऱ्या थिएटरात पुन्हा सिनेमा, मग परत पहिल्या थिएटरात समारोप. गाडी धावते ती थोडा वेळ, उभी राहते पुष्कळ वेळ. लोकांना वाटे की हे सिनेमे आपल्याला ज्ञान देण्यासाठी आहेत. ते होतेच; पण त्या वेळात खाली बॅटऱ्या भरत होत्या, हेही तितकंच खरं. तबकडीवर रूळ नसल्यामुळे तबकडी आणि जमीन यांच्या सांध्यावर रूळ जुळवायची कटकट नाही, आणि पाणी-धुक्याच्या दालनात उघड्या विजेच्या पट्ट्याही नाहीत.

पण असल्या रचनेत एक दुखणं आपसूक येतं. साध्या, सतत चालणाऱ्या राइडमध्ये एक पाळणा बिघडला तर तेवढा रिकामा सोडून बाकीचे फिरवता येतात. इथे सहाच्या सहा गाड्या आपापल्या खुणेवर येऊन उभ्या राहिल्याशिवाय तबकडी हलवणं शक्य नाही. एकीचं शेपूट तबकडीबाहेर राहिलं तर काय होईल हे सांगायला नको. म्हणजे एक गाडी अंधारात रुसली की तिच्या मागच्या सगळ्या थांबल्या, पुढच्या थिएटरात पोचलेल्या तिची वाट बघत बसल्या, आणि बाहेर दारावरची रांग तासाभरानं वाढली. अशा वेळी बंद पडण्याची जागा जर डायनोसॉरच्या दालनात असेल तर मग बहार. दिवे लागत. आणि दिवे लागल्यावर त्या दलदलीतली जादू म्हणजे रंगवलेली भिंत, पाइप, आणि एकच मान पुन्हापुन्हा त्याच कोनात वळवणारा रबरी कातडीचा प्राणी, एवढंच उरे. यंत्रात रस असणाऱ्यांना हे दर्शन मूळ कार्यक्रमापेक्षा जास्त आवडे, हा भाग वेगळा.

त्या दालनात शिरताना सगळ्यात आधी भेटायचा तो वास. कुजलेला पाला, ओल, किंचित गंधक. पावसाळाभर बंद राहिलेलं कोकणातलं घर गणपतीला उघडलं की जो दमट भपकारा येतो, त्याच्या जवळ जाणारा. डिस्नेच्या लोकांनी एप्कॉटसाठी वास सोडणारी खास यंत्रं बनवली होती: सुगंधाचा साठा, त्यावरून जाणारा हवेचा झोत, आणि पुढच्या दृश्यात तो वास मिसळू नये म्हणून पलीकडे ओढून घेणारा पंखा. यातला पंखाच महत्त्वाचा. वास सोडणं सोपं, परत बोलावणं अवघड. मागच्या बाजूला ५०० फुटांहून लांब सलग रंगवलेला देखावा, कोपरे गोल केलेले, त्यामुळे भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते दिसत नसे. आणि मग ती मंडळी: पाण्यात पाला चघळणारे लांब मानेचे अजस्र प्राणी, कड्यावर झुंजणारे स्टेगोसॉरस आणि ॲलोसॉरस, माणसाएवढी गोम, लाव्हाच्या उजेडात पंख फडकवणारे टेरॅनोडॉन, आणि पाण्यातून गाडीच्या दिशेनं एकदम मान फेकणारा इलॅस्मोसॉरस. मुलं तिथे किंचाळत. मोठी माणसं किंचाळल्याचं लपवण्यासाठी हसत.

काळाचा हिशेब लावला तर हे दालन म्हणजे अजब संमेलन होतं. पाठीवर शीड असलेला एडाफोसॉरस डायनोसॉर नाहीच. तो जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि नात्यानं डायनोसॉरपेक्षा आपल्या सस्तन कुळाला जवळचा. स्टेगोसॉरस १५ कोटी वर्षांपूर्वीचा. बदकासारख्या चोचीचे डायनोसॉर आणि इलॅस्मोसॉरस त्यानंतर सहा-सात कोटी वर्षांनी. म्हणजे गाडी एडाफोसॉरसपासून स्टेगोसॉरसपर्यंत जाईपर्यंत, स्टेगोसॉरस आणि आपण यांच्यामध्ये जेवढं अंतर आहे जवळपास तेवढंच अंतर कापून जाई, आणि निवेदनात त्याचा उल्लेखही नसे. करमणूक म्हणून हे सगळं माफ. हे प्राणी त्या घराण्यात नवे नव्हतेच. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डच्या दालनासाठी डिस्नेनं असेच डायनोसॉर केले होते, आणि ते प्रदर्शन संपल्यावर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या आगगाडीच्या वाटेवर नेऊन बसवले.

माफ न करण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. ऊर्जेच्या कथेत, खनिज तेल आणि कोळशाच्या सिनेमांच्या मधोमध डायनोसॉर आणून बसवल्यावर लोक बाहेर काय घेऊन येणार? डायनोसॉर मेले, गाडले गेले आणि त्यांचं पेट्रोल झालं. संहितेत तसं म्हटलं नव्हतं, पण संहिता ऐकतंय कोण. समोर १५ फुटांची मान हलतेय. खरं तर कोळशाचे मोठे थर आहेत ते डायनोसॉर जन्मण्याआधीच्या दलदलीतल्या झाडांचे. आणि तेल आलं ते समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळ-प्लवकांपासून. ते मेले, प्राणवायू नसलेल्या तळाशी साचले, त्यांच्यावर गाळाचे थर चढत गेले, दोन-चार किलोमीटर खोल, साधारण ६० ते १२० अंश तापमानात लाखो वर्षं शिजले, तेव्हा कुठे तेल. तापमान कमी पडलं तर तेल होत नाही, फार वाढलं तर वायू होतो. आपल्या दाराशी याचं फार सुरेख उदाहरण आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत, १९७४ मध्ये तेल लागलेलं मुंबई हाय. त्या तेलाचा मूळ गाळ साचला तो दख्खनचा काळा पत्थर ओतून झाल्यावर, त्याच्या वर. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर. मुंबई हायच्या तेलात डायनोसॉरचा नखभरही वाटा असायचं कारण नाही. पण प्लवक दाखवून ५८२ माणसं किंचाळणार कशी, हाही प्रश्न आहेच.

आणि खरा धडा कुणाच्या नजरेलाच पडत नव्हता. तो डोक्यावर होता.

इमारतीचं छप्पर एका बाजूला उतरतं होतं, दक्षिणेकडे तोंड करून, आणि त्यावर ८० हजार सौरघट. सगळे मिळून सुमारे ७० किलोवॉट. म्हणजे एका घटामागे एक वॉटसुद्धा धड नाही. आज तेवढीच वीज साताठशे चौरस मीटर मोकळ्या गच्चीवर सहज मिळते. पुण्याच्या एखाद्या मोठ्या सोसायटीला त्याचं अप्रूपही वाटणार नाही. पण १९८२ मध्ये, तेल कंपनीच्या नावाच्या इमारतीवर, लाखो सामान्य लोकांच्या वाटेत असं छप्पर असणं ही छोटी गोष्ट नव्हती. 'तुम्ही अंशतः उन्हावर बसून फिरता आहात' असं सांगितलंही जाई. राइडला लागणारी सगळी वीज त्यातून अर्थातच येत नसे, वाटा थोडाच. आमच्या मते पाऊण तासातलं सगळ्यात खरं वाक्य तेच होतं. त्या वाक्यापुढे दुसऱ्या थिएटरातला तीन प्रचंड पडद्यांवरचा ऊर्जास्रोतांचा सिनेमा म्हणजे गार अंधारात डुलकी काढायची हक्काची जागा. फ्लोरिडाच्या उन्हात सकाळपासून चाललेल्या माणसाला त्या बाकावर झोप लागली तर दोष कुणाला देणार? अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी मुलांनी देशातून आलेल्या आई-बाबांना एप्कॉट दाखवायला नेलं की ही राइड यादीत वर असायची ती याचसाठी. पाय मोकळे नव्हे, पाय आडवे करायला.

१९९६ मध्ये कार्यक्रम बदलला. रादोकचा पडदा गेला. विनोदी अभिनेत्री एलन डीजेनरस आली. तिला टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचं स्वप्न पडतं, ऊर्जेतलं ओ की ठो कळत नसतं, आणि शेजारी राहणारा बिल नाय, टीव्हीवर मुलांना विज्ञान शिकवणारा, तिला विश्वाच्या जन्मापासून सगळं शिकवत नेतो. डायनोसॉरना भडक रंग चढले आणि इलॅस्मोसॉरससमोर काठी घेऊन उभी असलेली यांत्रिक एलन दिसू लागली. विनोद बरे होते. गंभीर प्रवचनापेक्षा ही बया परवडली, असंच बहुतेकांचं मत. शेवटचा प्रश्न असे, कधीच न संपणारा ऊर्जास्रोत कोणता, आणि उत्तर मेंदू. टाळ्या पडत. पण या बदलात एक फसगत दडलेली होती. मूळ कार्यक्रम रूक्ष होता म्हणून कालबाह्य झाला तरी फारसं जाणवत नव्हतं. नव्यात ओळखीचे चेहरे, त्या वर्षीचे कपडे, त्या वर्षीची केशरचना. प्रसिद्ध चेहरा सिनेमात घातला की सिनेमाचं वय रोज मोजलं जातं. २००४ मध्ये एक्सॉनमोबिलनं प्रायोजकत्व सोडलं. त्यानंतर ऊर्जेच्या क्षेत्रात खडकाच्या थरांतून काढलेला शेल गॅस आला, सौरघटांचे भाव कोसळले, हवामानबदल रोजच्या बातमीत आला, आणि आत एलन १९९६ सालचीच उत्तरं देत राहिली. शैक्षणिक राइडला हा शापच असतो. भुताच्या घराला वय नसतं, कारण भुतांची आकडेवारी बदलत नाही.

१३ ऑगस्ट २०१७ ला शेवटची फेरी झाली. त्याच दिवशी शेजारच्या, डिस्नेच्याच हॉलिवूड स्टुडिओज बागेतली सिनेमांवरची जुनी राइडही बंद झाली, म्हणून हळहळणाऱ्यांची त्या दिवशी दोन्हीकडे पळापळ. शेवटच्या दिवसांची चित्रणं पाहिली तर बहुतेक वेळ पडदा काळा असतो. फोनच्या कॅमेऱ्याला तो अंधार पेलत नाही. मध्येच हिरवट उजेडात एक मान, कुणाचं तरी खोकणं. वास अर्थातच नाही, ओल नाही, आणि वळणारं प्रेक्षागृह तर चित्रात येऊच शकत नाही, कारण कॅमेराही त्याच्याबरोबर वळतो.

इमारत पाडली नाही. २७ मे २०२२ ला तिथे 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी: कॉस्मिक रिवाइंड' नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला, जुन्या इमारतीतून रांग जाते आणि कोस्टर शेजारी नव्यानं बांधलेल्या अवाढव्य खोक्यात धावतो, सुरुवातीलाच उलट्या दिशेनं सुसाट. छान आहे म्हणतात, आणि असेलही. ऊर्जा शिकवायचं खातं मात्र बंद झालं. सूर्याची वीज तेवढी वाढली: एप्कॉटजवळ २२ एकरांवर, वरून मिकीच्या डोक्याच्या आकाराचं दिसणारं ५ मेगावॉटचं सौरकेंद्र २०१६ पासून चालू आहे, आणि २०१९ पासून २७० एकरांवरचं ५० मेगावॉटचं. जुन्या छपराच्या सातशेपट वीज. त्याच्यावर कुणी राइड बांधलेली नाही, कारण आता त्यात दाखवण्यासारखं नवल राहिलेलं नाही.

नव्या कोस्टरला किमान उंची ४२ इंच लागते. जुन्या गाडीला उंचीची अट नव्हती. चार वर्षांची नात आणि गुडघे धरलेले आजोबा एकाच बाकावर पाऊण तास बसवायची सोय त्या कोपऱ्यात आता नाही. तशी सोय अजून हवी असेल तर त्याच बागेत, त्याच दिवशी उघडलेली, मोठ्या चंदेरी गोलातली 'स्पेसशिप अर्थ' आहे: पंधराएक मिनिटं, संथ, गुहेतल्या चित्रांपासून संगणकापर्यंत. रोम जळतं त्या दृश्यापाशी धुराचा वास येतो का ते बघा. त्यासाठी पंख्यानं वास ओढून घेण्याआधीच, आगीच्या अलीकडे, खोल श्वास घ्यावा लागतो.